कानाचं वय

आमच्या घरात सध्या कानात घालायच्या तीन वस्तू आहेत. १,५०० रुपयांचा एक इअरफोन, १५,००० चा दुसरा, आणि वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, ३८,००० चं कानाचं मशीन. पहिला रोज माझ्या खिशात असतो. दुसरा आठवड्यातून दोनदा बाहेर निघतो. तिसरं कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी, आपल्या मखमली डबीत पडून असतं. त्याची बॅटरी मात्र नेमाने बदलली जाते.

लिहायचं होतं ते पहिल्या दोघांबद्दल. तिसरं मधे कसं आलं ते पुढे सांगतो.

माझी इअरफोनची कारकीर्द पुण्यात पासोड्या विठोबापाशी सुरू झाली. इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्टचे रेझिस्टर-कपॅसिटर घ्यायला बुधवार पेठेत जायचो. तिथे एका गाड्यावर वॉकमनचे इअरफोन मिळायचे. त्यांवरचं नाव एका बड्या जपानी कंपनीच्या नावापासून एका अक्षराने फटकून असायचं. तीन महिने चालायचे. इअरफोन कानापाशी मरत नाही, जॅकपाशी मरतो. आधी एका बाजूचा आवाज जातो, मग वायर अमुक कोनात धरली तर येतो, मग अंगठ्याने दाबून धरली तरच येतो, आणि आपण चिकाटीने आणखी आठवडाभर तसंच ऐकत राहतो.

मी ते दुरुस्त करायचो. निदान प्रयत्न करायचो. आतल्या तारा दिसायला लाल आणि हिरव्या, केसाएवढ्या बारीक. सोल्डर काही केल्या धरायचं नाही. त्या तारांवर वार्निशासारखा थर असतो आणि तो आधी लायटरने जाळावा लागतो, हे गाड्यावरच्या माणसाने सांगेपर्यंत माझे चार इअरफोन वाया गेले होते. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर 'आणि हे म्हणे इंजिनिअर होणार' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

आत्ताचा १,५०० चा इअरफोन त्या गाड्यावरच्या मालाचा वंशज आहे, पण त्याने घराण्याचं नाव काढलंय. गेल्या काही वर्षांत मूनड्रॉप, केझेड, ट्रुथिअर अशा चिनी कंपन्यांनी या किमतीत असं काही विकायला सुरुवात केली की जुन्या ऑडिओवेड्यांची पंचाईत झाली. 'चायफाय' म्हणतात या मालाला. आत एकच डायनॅमिक ड्रायव्हर. म्हणजे स्पीकरच, पण शर्टाच्या बटणाएवढा. चुंबक, कॉइल आणि १० मिलिमीटरचा पडदा. यात नवं काही नाही. नवं आहे ते ट्यूनिंग, आणि त्यासाठी थोडं कानात शिरावं लागेल.

आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला बंद नळी फुंकली की ती ठरावीक सुरात घुमते, तशीच कानाची नळीही ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपसूक उचलून धरते. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलोय. इअरफोनचं बोंडूक कानात बसलं की ती नळी बुजते आणि तिचा उठाव बिघडतो. मग तो उठाव इअरफोननेच भरून द्यावा लागतो. किती द्यायचा, कुठे द्यायचा, खर्जाला किती वाढवायचं, हे ठरवण्यासाठी हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लोकांना कोणता इअरफोन आहे ते न सांगता ऐकवलं आणि बहुतेकांना आवडेल असा एक आलेख काढला. तो आलेख आज सगळ्यांना उपलब्ध आहे. १,५०० च्या इअरफोनला त्याच्या जवळ जाता येतं, आणि ५०,००० चा त्याच्यापासून खुशाल भरकटलेला असू शकतो. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन-इअरफोनांची मोजमापं किमतीशेजारी मांडून पाहिली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठल्या पट्टीला किती उठाव, आणि किंमत यांचा काही संबंध त्याला सापडला नाही.

हे सगळं मला १५,००० चा इअरफोन घेण्याआधी माहीत होतं.

तरी घेतला. दिवाळीचा बोनस आला होता आणि पन्नाशी उलटली होती. या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या की माणूस सायकल घेतो किंवा असलं काहीतरी. याला 'मिड-रेंज' म्हणतात. ज्या बाजारात लाख-दीड लाखाचे इअरफोन आहेत तिथे १५,००० मधलेच ठरतात, हे बायकोला समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. एकदाच. अण्णांना मात्र १,५०० सांगितले. एक शून्य गाळलं, बाकी खरंच सांगितलं. ते म्हणाले, "पंधराशे? कानातल्या बोळ्याला?"

आता तुलना. पहिले पंधरा दिवस मी आवाजाची तुलना करत नव्हतो, रबरांची करत होतो. नव्याच्या प्रत्येक कानात एक डायनॅमिक आणि चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे आणखी छोट्या जातीचे, ड्रायव्हर. खर्ज एकाकडे, मधलं दोघांकडे, वरचं उरलेल्या दोघांकडे, आणि मधे ही वाटणी करणारं क्रॉसओव्हरचं सर्किट. एवढं कुटुंब राहायचं तर घर मोठं हवं. म्हणून त्याचं कवच चिंचोक्याएवढं आणि नळी जाड. डाव्या कानात मध्यम रबर, उजव्यात लहान, असं बसवल्यावर कुठे तो नीट बसला. रबर नीट बसलं नाही तर खर्ज गळून जातो, फटीतून निसटतो. इंटरनेटवर 'बास अजिबात नाही' म्हणून चिडलेल्या निम्म्या लोकांना नवा इअरफोन नको, दुसऱ्या मापाचं रबर हवं, असं माझं ठाम मत आहे.

मेट्रोत १,५०० चा जिंकतो. मी वनाझला चढतो आणि रामवाडीला उतरतो. पुढे खराडीपर्यंत रिक्षा. डब्यातला आवाज बहुतेक खालच्या पट्टीतला असतो, घरघर आणि एसी, आणि तो इअरफोनमधल्या खर्जावर पांघरूण घालतो. स्वस्तात खर्ज मुळात जास्त भरलाय, त्यामुळे पांघरुणाखालूनही तबल्याचा डग्गा कळतो. महागडा तिथे कोरडा वाटतो. शिवाय गर्दीत वायर कुणाच्या सॅकमध्ये अडकून हिसका बसला तर १,५०० जातात, १५,००० नाही. संभाजी उद्यानापाशी गाडी नदीच्या कडेने जाते तेव्हा डब्यातल्या तरण्या पोरांच्या कानात बिनवायरीची पांढरी बोंडं असतात आणि माझ्या फोनला इवलासा डॅक, म्हणजे फोनमधलं डिजिटल गाणं वायरच्या इअरफोनला चालेल असं करणारा अडॅप्टर, लोंबत असतो, कारण फोनला आता जॅकच नाही. आयफोन ७ ने २०१६ साली जॅक काढला तेव्हा आपण हसलो होतो.

एक गोष्ट मात्र महागड्याच्या बाजूने नि:संशय आहे. त्याची वायर कानापाशी निघते. दोन पिनांची, ०.७८ मिलिमीटरची. तुटली तर दुसरी आणून खोचायची. लायटर नको, सोल्डर नको. आता १,५०० वाल्यांतही अशा निघतात, पण माझ्या आयुष्यात ही सोय पहिल्यांदा १५,००० मोजल्यावर आली, त्यामुळे मी ती महागड्याच्या खात्यावर जमा करतो.

खरी लढाई रात्री, जेवणं झाल्यावर. घर शांत, पंखा मंद, आणि कानात गाणं. इथे मला फरक ऐकू आला. म्हणजे मी तसं म्हणायचो. स्वस्तात तंबोरा मागे अंथरलेल्या चादरीसारखा वाटतो. सलग, मऊ, छान. महागड्यात त्याच चादरीच्या चार तारा होतात. पंचम, जोड, खर्ज, परत पंचम. प्रत्येक तार छेडली की तिच्या पोटातून वरचे सूर एकामागून एक निघत जातात आणि विरतात. जवारी म्हणतात ती हीच. हार्मोनियमचा भाता उघडतानाचा श्वास, तबल्याच्या चाटेवरचं नख, तानेच्या आधी गायकाने घेतलेली हवा. मी वहीत टिपणं काढली. 'स्वच्छ', 'मोकळं', 'हवेशीर'. जागेच्या जाहिरातीत शोभतील असे शब्द.

जुन्या ध्वनिमुद्रिकांनी मात्र महागड्याचा नक्षा उतरवला. १९३७ साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या मी लहानपणापासून ऐकतोय. त्या काळच्या तबकडीवर साधारण तीन मिनिटं मावायची, आणि त्या तीन मिनिटांवर सुईची अखंड चरचर. स्वस्त इअरफोन ती चरचर निम्मी गिळतो आणि खाँसाहेब पुढे येतात. महागडा दोघांनाही समान मान देतो. त्यांच्या आवाजाइतकीच त्याला ती खरवडही प्रिय.

लेक बारावीला आहे. वडिलांवर प्रयोग करण्याचं ते वय. माझी वही तिने वाचली आणि म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. तेच दोन मिनिटांचं दोनदा लावते. कुठलं चांगलं ते सांगा." मी म्हटलं, कानात घातलं की आकारावरूनच कळतं कुठला आहे, मग डोळे मिटून काय उपयोग. ती म्हणाली, "इअरफोन बदलणारच नाहीये. महागडाच असू दे. गाण्याच्या दोन फाइल आहेत, एक जास्त क्वालिटीची." मी ऐकलं. दुसऱ्या वेळी तंबोरा उलगडला, गायक पाऊलभर पुढे आला, डग्ग्याला गोलाई आली. मी दोन मिनिटं बोललो. ती शांतपणे म्हणाली, "फाइल तीच होती. दुसऱ्या वेळी व्हॉल्यूम दोन रेघा वर केला होता, बस."

आवाज किंचित मोठा झाला की तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. हेही मी वाचलेलं होतं. माझा १५,००० चा इअरफोन त्याच रेघेवर १,५०० च्यापेक्षा जरा मोठा वाजतो. म्हणजे वहीतलं 'हवेशीर' किती खरं आणि किती दोन रेघांचं, ते मला आता सांगता येईना. मग फोनच्या माइकला बोंडं चिकटवून, एका ॲपवरचे आकडे बघत, दोघांचा आवाज कसाबसा एका पातळीवर आणला आणि परत ऐकलं. फरक राहिला. पण आधी अंगणाएवढा होता तो आता उंबऱ्याएवढा झाला. आणि लेकीला तो माझ्यापेक्षा लवकर सापडत होता. ती दोन सेकंदांत सांगायची, "हां, तंबोरा. यात तो चमकतो." मला शोधायला लागायचं.

ते असं का, याचं उत्तर कर्वे रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये मिळालं.

अण्णा ८१ वर्षांचे आहेत. तरुणपणी सदाशिव पेठेत गाणं शिकले, आणि सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेतल्या मैदानावर सतरंजी टाकून बसायचे ते अगदी तो मुकुंदनगरला जाईपर्यंत. आता त्यांना 'साठ' आणि 'आठ' सारखंच ऐकू येतं. खालचे आवाज शाबूत आहेत, वरचे गेलेत. 'स', 'श', 'फ' ही मंडळी वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून ती आधी जातात. मशीन लावलं की भांड्यांचा आवाज सुऱ्यासारखा येतो म्हणतात आणि ते काढून ठेवतात. त्यांना पुन्हा तपासायला नेलं होतं. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी त्यांचा आलेख दाखवला. १,००० हर्ट्झपर्यंत बरा, तिथून पुढे सिंहगडाची उतरण. मी सहज म्हटलं, माझाही काढता का.

काचेच्या खोलीत बसून बटण दाबताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आवाज आला की आपण आलाय असं वाटून दाबलं, हेच समजेनासं होतं. माझा आलेख वयाच्या मानाने ठीक निघाला, फक्त ४,००० हर्ट्झपाशी एक खड्डा. तिथून पुढे पुन्हा थोडा वर. बाईंनी त्या खड्ड्यावर पेन ठेवलं आणि एवढंच विचारलं, "ढोल की ताशा?"

ताशा. सलग नऊ वर्षं. गणपतीच्या आधी नदीपात्रातला सराव, मग मिरवणुकीचे तास न् तास. कानात कापसाचा बोळा घालणाऱ्याला आम्ही बायकी म्हणायचो, या शब्दाची आज लाज वाटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० असेल तर ४ तासच. आमचा आठवडा पहिल्याच संध्याकाळी संपत असणार. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तो बहुधा याच ४,००० च्या आसपास आधी. आणि जवारीची चमक, तबल्याच्या चाटेवरचं ते नख, महागड्या इअरफोनने जे जास्त दिलंय त्यातलं पुष्कळसं, याच शेजारात राहतं.

लहानपणी आमच्याकडे शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्याचा आवाज पूर्ण बंद केला तरी तो चालू आहे हे मला शेजारच्या खोलीतून कळायचं. बारीक, सुईसारखी एक किर्र. परीक्षेच्या दिवसांत आई आवाज बंद करून बातम्या बघत बसायची आणि मी आतून ओरडायचो, "टीव्ही चालूय!" अण्णांना ती किर्र कधीच ऐकू आली नाही. ते म्हणायचे, पोरगं थापा मारतंय. थापा नव्हत्या. आपल्याकडच्या टीव्हीच्या चित्राच्या ६२५ आडव्या रेघा सेकंदाला २५ वेळा काढल्या जायच्या. गुणाकार केला की १५,६२५. तेवढ्या हर्ट्झला आतला ट्रान्सफॉर्मर गायचा. मी दहा वर्षांचा, अण्णा चाळीस-बेचाळीसचे. तो मजला त्यांच्यासाठी तेव्हाच बंद झाला होता. परवा लेकीने फोनवर त्याच सुराची खूण वाजवली. ती कान झाकून हसत होती. बायकोने मान हलवली. मी स्क्रीनकडे बघून विचारलं, "लावलंस का?"

म्हणजे व्यवहार असा आहे. ज्या वयात कान सगळं घेतो त्या वयात माझ्याकडे गाड्यावरचा इअरफोन होता. बोनस आला तेव्हा मजले बंद व्हायला लागले होते.

आणि गंमत म्हणजे ज्या बॅलन्स्ड आर्मेचरसाठी मी पैसे मोजले, ते वाढलं श्रवणयंत्रांच्या घरात. बहिऱ्या कानात मावेल एवढा लहान आणि कमी बॅटरीत मोठा बोलणारा ड्रायव्हर हवा होता, म्हणून. त्याच क्षेत्रात उमेदवारी केलेल्या मीड किलियन यांनी १९८३ साली एटिमॉटिक रिसर्च काढली आणि १९९१ साली त्यांचा ईआर-४ आला, गाणं ऐकण्यासाठी, थेट कानाच्या नळीत खोल बसणारा. आज मिड-रेंज म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं त्याचंच गोत. अण्णांच्या डबीतल्या मशीनचे आणि माझ्या इअरफोनचे हे असे नातेसंबंध. ते अण्णांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "म्हणजे तुझं पंधरा हजारांचं माझ्या अडतीसचं धाकटं भावंड."

मी गप्प.

"बिल रद्दीत होतं," ते म्हणाले. "रद्दी मीच बांधतो."

त्या दिवशी मी त्यांना दोन्ही इअरफोन लावून दिले, मशीन न घालता. महागडा कानात घेऊन ते बराच वेळ ऐकत होते. "चांगलं आहे." मग स्वस्त. "हेही चांगलं आहे. हे मऊ आहे, बोचत नाही." फरक काय वाटला, असं विचारल्यावर म्हणाले, "यात गवयाचं नरडं बसलंय आणि त्यात बसलेलं नाही." कशात काय, ते त्यांनी बोट दाखवून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण आवाजाची रेघ सारखी करायला मी विसरलो होतो.

तंबोरा आमच्याकडे मिरजेचा आहे. अण्णांच्या लग्नाच्या आधीचा. वर्षभर गवसणीत असतो, दसऱ्याला निघतो. यंदा लेकीनेच काढला. फोनमधल्या चमकणाऱ्या तंबोऱ्याशी तिला ताडून बघायचा होता. अण्णा काळी एकमध्ये तारा जुळवत होते, आधी खुंट्या, मग मणी. सूर जुळवायला त्यांना कुणाची मदत लागत नाही. खर्ज तर ते भोपळ्यावर तळवा ठेवूनच ओळखतात. अडलं ते जवारीपाशी. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवायचा, तांदळाच्या दाण्याएवढा पुढे, अर्ध्या दाण्याएवढा मागे, आणि एका जागी तार एकदम उघडते. ती जागा कानानेच शोधायची असते. अण्णांनी पंचम छेडला, दोरा सरकवला, पुन्हा छेडला. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

मी म्हटलं, "मशीन आणू?"

त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि नातीला जवळ बोलावलं. ती घोडीजवळ कान नेऊन बसली. त्यांनी तार छेडली.

"आली का गं?"

"नाही, आजोबा. बंद आहे अजून."

बोटाच्या पेराने त्यांनी दोरा हलवला. मला तर हललेलाही दिसला नाही.

"आता?"

"थांबा. थोडं मागे. तेवढं नाही. हां... आता."

"आली?"

"आली."

अण्णांनी तार पुन्हा छेडली आणि डोळे मिटले. मीही ऐकत होतो. काहीतरी उघडल्यासारखं मलाही वाटलं. लेक म्हणाली, "आता जोड," आणि पुढच्या दोऱ्याकडे सरकली.